मूलपेशी आणि मुलांचे प्रश्न

‘मूलपेशी’ हा शब्द प्रथमच ऐकणारे लहान मूल त्याचा अर्थ ‘मुलाची पेशी’ असा करील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. मराठीत मूल म्हणजे अपत्य. ‘मुळाशी असलेले’ हा संस्कृत अर्थ त्याच्या कानावर अद्याप आलेला नसतो. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हा शब्द भेटतो खरा. पण नाळेतील रक्त साठविण्याच्या जाहिरातींतून आणि असाध्य रोगांवरील उपचारांच्या बातम्यांतून तो त्याआधीच घरात शिरलेला असतो. मुले ऐकतात आणि विचारतात. ‘मोठा झालास की कळेल’ असे म्हणून प्रश्न टाळता येतो. कुतूहल मात्र टळत नाही. ते अर्धवट माहितीवर पोसले जाते.

वस्तुतः यातील विज्ञान आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाक्यापलीकडचे नाही. गुडघा खरचटला की काही दिवसांत नवी कातडी येते, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते. ती कोठून आली, या प्रश्नापासून आरंभ करावा. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि बहुतेकींची कामे ठरलेली असतात. त्वचेच्या तळाशी मात्र काही पेशी जणू राखीव ठेवलेल्या असतात. त्या विभागून आपल्यासारख्या पेशीही निर्माण करतात आणि नवी त्वचाही घडवितात. याच मूळपेशी, मुलांशी बोलताना ‘मूळ’ हाच शब्द वापरणे श्रेयस्कर. पण या पेशींपासून मेंदू किंवा हाड होत नाही. मग सारे अवयव ज्यांच्यापासून झाले, अशा पेशी कधी होत्या काय? होत्या. आईची अंडपेशी आणि वडिलांची शुक्रपेशी यांचा संयोग झाल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा, टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा पोकळ गोळा असतो. त्याच्या आतील मोजक्या पेशींत शरीराचा कोणताही अवयव घडविण्याची क्षमता असते.

कणकेच्या गोळ्याची पोळी होते, पुरीही होते. तळलेल्या पुरीची मात्र पुन्हा कणीक होत नाही. हा घरगुती दृष्टान्त उपयोगी आहे, तथापि त्याची मर्यादाही सांगावयास हवी. कणकेला बाहेरचा हात आकार देतो. पेशी आपल्यातील जनुके आणि शेजारच्या पेशींचे संकेत यांनुसार घडत जाते. शिवाय २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्या पुन्हा भ्रूणातील मूळपेशींसारख्या करून दाखविल्या. पुरीची कणीक झाली! २०१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. १९८१ मध्ये उंदराच्या आणि १९९८ मध्ये, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या हातून, मानवी भ्रूणातील मूळपेशी वेगळ्या करण्यात आल्या. पुढे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतही हे काम झाले. हे ऐकताच मूल विचारणार, ‘मग त्या बाळाचे काय झाले?’ येथे मोठी माणसे अडखळतात. उत्तर खरेच द्यावे. तो गोळा अद्याप बाळ झालेला नव्हता; त्याला मेंदू नव्हता, हृदय नव्हते. पण पेशी काढल्यावर तो पुढे वाढू शकत नाही, हेही तितकेच खरे. असे भ्रूण बहुधा अपत्यप्राप्तीच्या उपचारांत उरलेले असतात आणि संशोधनासाठी ते देण्यास दांपत्याची संमती लागते. कित्येकांच्या मते तेथेही मनुष्यजीवनाचा आरंभ झालेला असतो, म्हणून हे गैर आहे. जे टाकूनच द्यावयाचे, त्यातून रुग्णाचे भले होत असेल तर ते योग्य, असे इतर मानतात. शहाणीसुरती माणसेही एखाद्या प्रश्नावर प्रामाणिकपणे भिन्न मते बाळगतात, हे मुलाला कळणे हेही शिक्षणच होय.

दुसरी दक्षता आश्वासनांची. वर्गात एखाद्याला मधुमेह असतो, एखादीचा भाऊ चालू शकत नाही. ‘या पेशी सारे रोग बरे करतील’ हे वाक्य त्यांच्या मनात खोल रुजते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द जाणीवपूर्वक गाळला. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता या पेशींचा रुग्णावरील वापर मान्यताप्राप्त चाचणीतच होऊ शकतो. तरीही हताश पालकांना आशा विकणारे आहेतच. त्यांचे फावते ते प्रश्न विचारण्याची सवय न लागलेल्या समाजात. ‘हे सिद्ध झाले आहे काय?’ असे विचारावयास आज शिकलेले मूल उद्या पालक म्हणून अशा दाराशी उभे राहिले, तर तोच प्रश्न विचारील. म्हणूनच त्याच्या आजच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळावयास हवे.