संगणकाचा हक्क कोणाचा? एका जुन्या खटल्याचा हिशेब

‘पहिला संगणक कोणता?’ या प्रश्नापुढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बहुधा ‘एनिअ‍ॅक’ हे नाव छापलेले असते. पण १९७३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने हे उत्तर मान्य केले नाही. व्यापारी व कारागीर बांधवांनी हा खटला मुद्दाम समजून घ्यावा. त्यात यंत्रापेक्षा करारनामे, तारखा आणि मुदती यांचीच कथा अधिक आहे.

आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या कॉलेजात जॉन अ‍ॅटानासॉफ हे प्राध्यापक होते. क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याच्या मदतीने १९३९ ते १९४२ या काळात त्यांनी सुमारे ३०० व्हॉल्व्हचे एक गणनयंत्र बांधले. रेडिओत असत तसेच हे काचेचे व्हॉल्व्ह. यंत्र एकाच प्रकारची समीकरणे सोडवी, आणि त्याचे कार्डावर छिद्रे पाडण्याचे अंग शेवटपर्यंत भरवशाचे झाले नाही. १९४२ मध्ये अ‍ॅटानासॉफ युद्धकार्यासाठी नौदलाच्या प्रयोगशाळेत गेले. पेटंटचा अर्ज कॉलेजने करावयाचा होता, तो कधी दाखलच झाला नाही. तळघरात पडून राहिलेले यंत्र पुढे मोडीत निघाले.

त्याआधी जून १९४१ मध्ये जॉन मॉकली नावाचे गृहस्थ एम्सला येऊन चार-पाच दिवस राहिले होते. यंत्र पाहिले, टिपण वाचले, भरपूर चर्चा केली. सप्टेंबरात त्यांनी पत्र पाठवून, या कल्पना वापरल्यास काही हरकत आहे काय, अशी विचारणाही केली. कारखान्यात पाहुणा आला की आपला कारागीर कौतुकाने सगळे दाखवतो, तसाच हा प्रकार. तीस वर्षांनंतर तेच पत्र न्यायालयात पुरावा म्हणून पुढे आले.

मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात लष्कराच्या पैशातून एनिअ‍ॅक उभारला. सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह, ३० टन वजन. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगाला दाखवण्यात आला. लगेच पुढच्या महिन्यात पेटंटच्या हक्कावरून विद्यापीठाशी बिनसले व दोघांनी नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला.

या दोघांच्या बुद्धीबद्दल शंका नाही, पण दर ठरवण्यात मात्र ते कच्चे होते. विमान बनवणाऱ्या नॉर्थ्रप कंपनीला त्यांनी बायनॅक हे यंत्र १ लाख डॉलरला कबूल केले, खर्च आला २ लाख ७८ हजार! जनगणना खात्याला युनिव्हॅक देण्याचा करारही ठरावीक किमतीचा आणि तोट्याचा होता. घोड्यांच्या शर्यतीची आकडेयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीने ५ लाख डॉलर देऊन ४० टक्के हिस्सा घेतला, पण तिथला त्यांचा पाठीराखा १९४९ मध्ये विमान अपघातात गेला आणि पैशाचा ओघ आटला. फेब्रुवारी १९५० मध्ये टंकलेखन यंत्रे विकणाऱ्या रेमिंग्टन रँडने कंपनी घेतली, आणि मालक तिथे नोकर झाले. खासगी गिऱ्हाइकांचे स्वस्तातले करार नव्या मालकाने दबाव आणून मोडून घेतले. जनगणना खात्याला मात्र १९५१ मध्ये जुन्याच दराने माल द्यावा लागला.

रेमिंग्टन रँड १९५५ मध्ये स्पेरी कंपनीत मिसळली. समोर आयबीएम उभी होती. तिची खरी ताकद यंत्रे न विकता भाड्याने देण्यात होती, मालकी कायम आपल्याकडे आणि भाडे दरमहा. (भारतातही आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडेपर्यंत जुनी, डागडुजी केलेली यंत्रे अशीच भाड्याने दिली.) ऑगस्ट १९५६ मध्ये आयबीएम आणि स्पेरी रँड यांनी एकमेकांना पेटंटे व माहिती वापरू देण्याचा करार केला. बाहेरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. दोन मोठ्या पेढ्यांनी बाजार वाटून घ्यावा आणि लहान दुकानदाराने पूर्ण दर भरत राहावा, असाच त्याचा अर्थ होता.

एनिअ‍ॅकचे पेटंट १९६४ मध्ये मंजूर झाले. म्हणजे १९८१ पर्यंत जो कोणी संगणक बनवील, त्याने स्पेरीला हक्कशुल्क द्यावे! हनीवेल कंपनीने नकार दिला. २६ मे १९६७ रोजी दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळ्या शहरांत एकमेकींवर दावे लावले. हनीवेलचा दावा काही मिनिटे आधी दाखल झाला, म्हणून खटला तिच्या गावी, मिनीॲपोलिसला चालला. १३५ दिवस सुनावणी झाली. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायमूर्ती अर्ल लार्सन यांनी पेटंट रद्द केले.

एक कारण तारखेचे. वापर किंवा प्रसिद्धी होऊन वर्षाहून अधिक काळ लोटला की पेटंट मिळत नाही. अर्ज आला जून १९४७ मध्ये. यंत्र १९४५ च्या अखेरीसच हायड्रोजन बॉम्बच्या आकडेमोडीला लागले होते. दुसरे कारण, मूळ कल्पना अ‍ॅटानासॉफ यांच्यापासून आली, असा निष्कर्ष. गुप्त करारही न्यायालयाने गैर ठरवला, पण हनीवेलने दाद मागण्याची मुदत टळू दिल्याने तिला भरपाई मिळाली नाही.

आमच्या मते पेटंट रद्द झाले हे योग्यच, आणि त्याला तारखेचे कारण पुरेसे होते. दुसऱ्या निष्कर्षावरून आजही वाद आहे. पत्र पाहता मॉकलींनी काहीच घेतले नाही, असे म्हणवत नाही. पण ३०० व्हॉल्व्हचे एका कामाचे यंत्र आणि १८ हजार व्हॉल्व्हचे, हरतऱ्हेचे गणित करणारे यंत्र यांना एका मापाने मोजणे हाही अन्याय आहे. दोन्ही घरी मेहनत झाली. तिचा मोबदला मात्र आयबीएमच्या तिजोरीत गेला.

निकालावर अपील झाले नाही. मॉकली १९८० मध्ये वारले, तोपर्यंत ते आपला दावा सांगतच राहिले. एकर्ट आणि अ‍ॅटानासॉफ दोघेही १९९५ च्या जून महिन्यात गेले. १९९७ मध्ये आयोवात अ‍ॅटानासॉफ यांच्या यंत्राची चालती प्रतिकृती तयार झाली. मूळ यंत्राला सहा हजार डॉलरच्या आसपास लागले होते, प्रतिकृतीला सुमारे साडेतीन लाख.