लोणारची काच

लोणारला आलेला माणूस कड्यावर उभा राहून तळ्याचे फोटो काढतो, खाली उतरून देवळं बघतो आणि परत फिरतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा अवघा महाराष्ट्र त्या पाण्याबद्दल बोलत होता. मी भूशास्त्र शिकवते. हे तळं ज्या विवरात आहे ते उल्केच्या आघातानं झालं, याचा सगळ्यात पक्का पुरावा तिथल्या दगडात आहे आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तो पुरावा म्हणजे मॅस्केलिनाइट नावाची काच. दगड वितळून झालेली काचही लोणारला सापडते, पण ही वितळलेलीच नाही. उल्का आदळली तेव्हा तिथल्या बेसाल्ट दगडातल्या फेल्डस्पार या खनिजावर साधारण ३ लाख वातावरणांचा दाब आला. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ३०० टन. अणूंची रांग त्या क्षणात मोडली. स्फटिकाचा आकार मात्र शाबूत राहिला.

विद्यार्थ्यांना मी हे आधी सांगत नाही. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या नेहमीसारख्याच दिसतात. मग दुसरा पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेपुरता गाळणारी चकती, सरकवते. एरवी या पट्ट्या काप फिरवला की करड्या-पांढऱ्या उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. इथे शेजारचं पायरॉक्सिन हे खनिज रंगात चमकत असतं आणि पट्ट्या कितीही फिरवा, काळ्याच. "मॅडम, इथे भोकं पडलीत का?" असं कुणीतरी विचारतंच. मी पोलरायझर काढते. पट्टी जागच्या जागी असते; फक्त तिच्यातली अणूंची रांग मोडल्यानं ती उजळत नाही.

मॅस्केलिनाइट १८७२ मध्ये प्रथम ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरची. पुढे १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या शोधनिबंधात लोणारच्या दगडांतलं मॅस्केलिनाइट जगापुढे आलं आणि विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, या वादात उल्केचं पारडं जड झालं. ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही.

काचेवर दाबाची खूण राहते. पर्सी ब्रिजमन आणि इव्हान सायमन या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवलं की सिलिकाची काच प्रचंड दाबाखाली ठेवली, तर दाब काढल्यावरही ती दाटच राहते. घनतेतली ही वाढ २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आणखी दाब दिला तर चार ऑक्सिजन अणूंमध्ये बसलेला सिलिकॉन सहांमध्ये बसू लागतो. दाब उतरला की तो पुन्हा चारांवर येतो, पण अणूंची जुनी ऐसपैस मांडणी परतत नाही. मॅस्केलिनाइटही वितळून झालेल्या काचेपेक्षा दाट असतं. त्यातून प्रकाश किती वळतो हे मोजून त्या दगडानं किती दाब सोसला याचा अंदाज बांधता येतो. पण तो तुकडा नेमका कुठे होता हे ठाऊक असेल, तरच त्या आकड्याला अर्थ.

म्हणूनच कड्याबाहेरच्या जमिनीची मला काळजी वाटते. आघातानं उडालेल्या दगडांचा थर शेतांखाली, रस्त्यांखाली पसरला आहे. तिथे खोदकामाला परवानगी देण्याआधी भूशास्त्रज्ञाकडून पाहणी व्हायलाच हवी. लोणारला येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीला असा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळावा. आणि लोणारकरांना विनंती: विहीर खणताना भुगा-दगडांचा वेगळा थर लागला, तर जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला आधी कळवा. पर्यटकांनो, खिशात दगड घालून नेऊ नका.