वाका, पण तुडवू नका!

आमच्या होस्टेलवर एक ठाम समजूत आहे. फोटो चांगला यायचा असेल तर कॅमेरा भारी पाहिजे. ज्याच्याकडे डीएसएलआर तो फोटोग्राफर, बाकीचे आपले हौशी. माझं मत बरोबर उलटं आहे. निदान फुलांच्या बाबतीत तरी फोटोची वाट कॅमेरा लावत नाही, आपणच लावतो.

सप्टेंबरात आम्ही पाच-सहा जण पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर गेलो होतो. रूमवर येऊन सगळ्यांचे फोटो बघितले, तर एकच फोटो दोनशे वेळा काढल्यासारखा! उभ्यानं, वरून, फूल अगदी मधोमध आणि कोपऱ्यात कुणाचा तरी बूट.

इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग आधी लेन्सचं बघू. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलं की फोकस होत नाही. साध्या मोबाईलच्या मुख्य लेन्सला ते बहुधा दहा सेंटीमीटरच्या आसपास असतं. आपण पाकळीला कॅमेरा चिकटवतो आणि धूसर आलं की कंपनीला शिव्या घालतो. जरा मागं या, फोकस बसू दे, नंतर फोटो कापून घ्या. कुणाकडं जुना डिजिटल कॅमेरा असेल तर छोट्या फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड वापरा, झूम न करता.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात मागचंही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. वरून फोटो काढला की फुलाच्या मागं लगेच माती, काड्या, कचरा. तेच गुडघे टेकून कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा, मागची जमीन लांब जाते आणि आपोआप पुसट होते. एक पैसा खर्च नाही! तेरड्याच्या फुलाला मागं बारीक शेपूट असते, ती बाजूनंच दिसते. सोनकीसारखं चपटं फूल असेल तर कॅमेरा त्याला समांतर धरा, म्हणजे सगळ्या पाकळ्या फोकसमध्ये येतात. ऊन कडक असेल तर स्वतःची सावली पाडा. फ्लॅश बंद. वारा थांबेपर्यंत दम धरा.

आणि चौकटीत काय घ्यायचं यापेक्षा काय वगळायचं हे आधी ठरवा. हे गाव कलापूर आहे. बाबूराव पेंटरांनी 1920 चा ‘सैरंध्री’ इथंच जुळवलेल्या कॅमेऱ्यावर घेतला. ते आधी चित्रकार होते, म्हणजे चौकट डोक्यात होती, यंत्र नंतर आलं. आपल्या खिशात त्याहून किती तरी चांगलं यंत्र आहे. चौकट कुठाय?

आता खरा मुद्दा. ‘वाका’ म्हटलं की लोक फुलांवरच बसतात. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. सीतेची आसवं, तेरडा ही मंडळी एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरायच्या आत तुडवली की पुढच्या वर्षी त्या जागी कमी उगवणार, हिशेब सोपा आहे. कास पठार 2012 साली जागतिक वारशात गेलं, गर्दी वाढली आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. मसाईवरही तीच वेळ आणायची का?

कुणी म्हणेल, मग फोटोच काढायचे नाहीत का? काढा की! पायवाटेवर किंवा उघड्या खडकावर उभं राहून हाताला येईल तेच फूल निवडा. आतलं फूल जास्त सुंदर वाटतं, पण तिथं पोचेपर्यंत दहा मेलेली असतात. असा फोटो कितीही भारी आला तरी माझ्या लेखी तो नापासच.

सरावाला पठार लागतच नाही. मेसच्या मागं सदाफुली बारा महिने फुललेली असते. रविवारी सकाळी एकाच फुलाचे दहा वेगळे फोटो काढून बघा. दहावा चांगला आला, तर समजा पठारावर जायला तुम्ही तयार झालात.