'अपग्रेड करा' म्हणजे नक्की काय करा?

परवा शनिवारी भिवंडीतल्या एका गोदामात जाणं झालं. ओळखीतलं काम, म्हणजे पैसे नाहीत, चहा मात्र दोनदा. मालाची सगळी नोंद पोस्टग्रेस ११.४ वर! हे रिलीज जून २०१९ चं. सॉफ्टवेअर बसवणारा केव्हाच गायब. मी ठेवणीतलं वाक्य फेकलं, "शेठ, व्हर्जन फार जुनं झालंय, लगेच अपग्रेड करा."

शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

मंडळी, चूक शेठची नाही, आपली आहे. आपण एकच शब्द दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतो.

११.४ वरून ११.२२ वर जाणं म्हणजे मागाला तेलपाणी. प्रोग्रॅमच्या फायली बदला, सर्व्हर बंद करून चालू करा, डेटा जागच्या जागी. (रिलीज नोट्स तेवढ्या वाचा, क्वचित एखादा इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो.) ११ वरून १७ वर जाणं म्हणजे जुना माग उचलून नवा बसवणं. आधी बॅकअप, मग कॉपीवर चाचणी, मग डम्प-रिस्टोअर किंवा पीजी-अपग्रेड, आणि तेवढा वेळ काम बंद.

दोन्हीला आपण 'अपग्रेड' म्हणतो. माणूस मोठ्या कामाला घाबरतो आणि छोटंही टाळतो. शेठच्या मशीनवर दुरुस्त्यांची अठरा रिलीजेस बसलीच नाहीत, तीही फुकटातली! नोव्हेंबर २०२३ मध्ये ११ चा सपोर्टच संपला. आता नुसत्या तेलपाण्यावर भागणार नाही.

यावर आपले लोक म्हणतात, "डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे, वाचायला काय होतं?" अहो, गोदामवाल्याने वाचायचं? आपण तरी किती वाचतो, खरं सांगा!

म्हणून यापुढे नुसतं 'जुनं आहे, बदला' लिहिणं बंद करा. चार गोष्टी लिहा: काम छोटं की मोठं, किती वेळ बंद राहील, बिघडलं तर परत कसं यायचं, आणि नाही केलं तर काय होईल. 'त्वरित', 'कालबाह्य' हे शब्द नोटिशीत शोभतात. त्याने भीती वाटते, काम होत नाही.

त्या चार ओळी मी शेठना मागच्या चलनावर लिहून दिल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रविवारी जमेल का?"

माझा रविवार गेला. असो.