नेस्कोजवळचे मेट्रो स्टेशन आणि आपला माल

गोरेगावचे नेस्को हे मुंबईतील प्रदर्शनांचे मोठे ठिकाण. एके काळी तिथे कारखाना होता. आता कापड, यंत्रे, दागिने अशा कितीतरी धंद्यांची प्रदर्शने तिथे भरतात. त्याच भागात पश्चिम द्रुतगती महामार्गावर, खांबांवर उभे असलेले मेट्रो सातचे गोरेगाव पूर्व स्टेशन जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले. आम्हा कापडवाल्यांच्या मते हा केवळ प्रवाशांचा प्रश्न नाही, तिजारतीचा आहे.

पूर्वी भिवंडी-कल्याणचा माणूस प्रदर्शनाला निघाला की दादरला गाडी बदलायची, गर्दीत गोरेगाव गाठायचे आणि पुढे रिक्षा शोधायची. आता घाटकोपरला उतरून मेट्रो एक घ्यावी, वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनावरून पुलाने गुंदवलीला जावे. पुढे मोगरा, जोगेश्वरी पूर्व आणि मग गोरेगाव पूर्व. मोटारवाल्या शेठला याचे अप्रूप नाही. सोय झाली ती लहान यंत्रमागवाल्याची, जरीकाम करणाऱ्या कारागिराची.

पण आमच्यातले किती जण जातात? "ती मोठ्यांची जत्रा" म्हणून आम्ही घरी बसतो. आमचेच कापड दलालामार्फत तिथे पोहोचते आणि दुसऱ्याच्या लेबलाखाली टांगले जाते. हे कुणी विणले, असे खरेदीदार विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला आम्ही तिथे नसतो. भाव तिथे ठरतो, आम्हाला मात्र दलाल सांगेल तोच कळतो.

कुणी म्हणेल, मेट्रोत गठ्ठे थोडेच नेता येतात? खरे आहे. पण प्रदर्शनात गठ्ठे लागत नाहीत, नमुने लागतात. ते एका पिशवीत मावतात. ऑर्डर मिळाली की माल टेम्पोने जाईल.

स्टॉलचे भाडे एकट्याला झेपत नाही, हेही खरे. मग पाच जणांनी मिळून एक स्टॉल घ्यावा. भाड्यात कुणाचा किती वाटा, कुणाच्या नमुन्याला आलेली ऑर्डर कुणाची, हे आधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात. तोंडी भागीदारीत भाईबंदही दुरावतात. पहिल्या वर्षी तेवढेही जमत नसेल, तर नुसते पाहायला जा. सोबत मुलाला न्या, कारागिरालाही न्या. बाजार काय मागतो ते त्याला डोळ्यांनी पाहू द्या.

स्टेशन झाले, गाडी सुरू झाली. ती आपल्याला दारापर्यंत नेईल. आत जाऊन आपला माल आपल्या नावाने मांडण्याचे काम आपले आहे.