इंजेक्टर साफ करणाऱ्या बाटलीत असते तरी काय?



मागे शिरपूर तालुक्यात एका गावी कपाशीच्या बैठकीला गेलो होतो. बैठक आटोपली, चहा झाला, आणि ट्रॅक्टरवाल्या एका आप्पांनी पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "साहेब, यामा काय शे?" बाटलीवर सारा मजकूर इंग्रजीत. टाकीत ओतली की इंजेक्टर नव्यासारखे होतात, असा दावा. आप्पांचा ट्रॅक्टर काळा धूर सोडत होता, नांगराला दम टाकत होता. अशा तीन बाटल्या ओतून झाल्या होत्या, ही चौथी.

इंजेक्टर म्हणजे आपला मिस्त्री ज्याला नोझल म्हणतो तेच. औषध फवारणीच्या पंपाचे नोझल तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. भोकात कचरा अडकला की फवारा मोडतो, धार लागते, आणि निम्मे औषध जमिनीवर जाते. इंजिनातही तसेच घडते. डिझेलचे धुके व्हायला हवे, त्याऐवजी थेंब गळू लागले की ते पुरते जळत नाहीत. काळा धूर निघतो, डिझेल जास्त लागते, नोझलच्या तोंडावर काजळी धरते, आणि काजळीमुळे फवारा आणखीच बिघडतो.

आता बाटलीकडे वळू. बहुतेक बाटल्यांत निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग रॉकेलच्या जातीच्या खनिज तेलाचा असतो. त्याचे काम एवढेच, की खरे औषध त्यात विरघळून टाकीभर पसरावे. खरे औषध थोडे असते आणि ते एक प्रकारचा साबणच असते. त्याच्या कणाला एक डोके व एक लांब शेपूट. डोक्यात नत्र असते, ते काजळीला चिकटते. शेपूट तेलात रमणारे, ते काजळीला ओढून डिझेलबरोबर नेते. हे शेपूट बहुधा आयसोब्युटिलीनपासून करतात. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे ब्युटाइल रबरही त्याच वायूपासून बनते. पेट्रोल गाड्यांच्या चांगल्या बाटल्यांत पॉलिईथर अमाईन नावाचे औषध असते. डिझेलच्या काही बाटल्यांत 2-इथाईल हेक्झील नायट्रेट घालतात, त्याने डिझेल लवकर पेट घेते. काहींत वंगणाचा अंश असतो.

म्हणजे बाटली ही निव्वळ फसवणूक नव्हे. अमेरिकेत 1980 नंतर इंजेक्टरच्या मोटारी वाढल्या, त्यांची नोझले तुंबू लागली, आणि 1995 पासून तेथे सर्व पेट्रोलमध्ये असे साफ करणारे औषध घालणे सक्तीचे झाले. परंतु साबणाने मळ निघतो, फाटलेले धोतर शिवले जात नाही. नोझलची सुई झिजली असेल, स्प्रिंग ढिली पडली असेल, तर दहा बाटल्यांनीही फरक पडायचा नाही.

काही जण म्हणतात, "बाटलीत रॉकेलच आहे ना, मग रॉकेलच ओतू." हे मात्र करू नका. डिझेल पंपाला वंगण देणारे दुसरे कोणी नाही, डिझेलच ते काम करते. रॉकेल पातळ, त्यात वंगण कमी, म्हणून पंप घासला जातो. त्यातून 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आणले आहे. गंधक काढताना नैसर्गिक वंगणही जाते, ते कंपन्या वेगळे घालून भरून काढतात. त्यात रॉकेल ओतणे म्हणजे भरलेले पुन्हा रिकामे करणे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे त्यांच्यात कॉमन रेल पद्धत आली. तिचा दाब साध्या इंजिनाच्या कितीतरी पट असतो. ती भेसळ मुळीच सोसत नाही.

भेसळीचा विषय निघाला की मला मनमाड आठवते. तेथून जवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेथे टँकरांतील भेसळीचा प्रकार पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. एका अधिकाऱ्याने ज्यासाठी जीव दिला, ती भेसळ आपल्याच हाताने आपल्याच टाकीत करावी काय?

आप्पांना मी धुळ्याला पंप दुरुस्तीवाल्याकडे पाठवले. टेस्टरवर लावताच तीनपैकी दोन नोझले गळताना दिसली, सुया झिजलेल्या. कारण त्यांच्या खळ्यातच होते. डिझेलचा पिंप उघड्यावर, झाकण सैल, तळाशी पावसाचे पाणी. आता पिंप छपराखाली आहे. डिझेल दिवसभर स्थिरावू देतात, तळाचे चार बोटे तसेच सोडून वरचे घेतात. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढणे हे त्यांच्या मुलाचे काम. एका बाटलीच्या पैशात जवळपास फिल्टरचा जोड येतो, तो वेळेवर बदलतात.

नोझलचा फवारा तपासताना त्याखाली हात धरू नका, मिस्त्रीलाही धरू देऊ नका. साध्या ऑइल इंजिनाच्या नोझलचा दाबही दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास असतो. डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आतून बोट सडते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चौथी बाटली आप्पांच्या घरी फळीवर, खोकल्याच्या औषधाशेजारी होती. भगिनींनो, ती तेथून आधी हलवा. मुलाने ही बाटली किंवा रॉकेल तोंडाला लावले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात उतरते, आणि धोका तोच असतो. बाटली बरोबर घेऊन सरळ सरकारी दवाखान्यात जा. तिच्यात काय आहे ते डॉक्टरांना तिच्यावरच वाचता येईल.