भटका, पण पक्क्या पत्त्याचा

गेल्या वर्षी पाच महिने मी पोर्तुगालच्या 'डी-८' व्हिसासाठी कागद गोळा करत होतो. हा 'डिजिटल नोमॅड' व्हिसा. म्हणजे नोकरी आपल्या देशातली, राहणं दुसऱ्या देशात. नोकरीचा करार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, पासपोर्ट ऑफिसकडून मिळणारं पोलिसांचं प्रमाणपत्र, विमा, तिथल्या घराचा पुरावा, आणि 'याने परदेशात बसून काम केलं तरी आमची हरकत नाही' असं कंपनीचं पत्र. त्या एका पत्रासाठी एचआरच्या मागे तीन महिने लागलो. फाइल तयार झाली, पण अर्ज मी भरला नाही. मित्र म्हणतात, घाबरलास. घाबरलो नव्हतो. अर्ज भरायचा तर आधी एक खोटं बोलावं लागणार होतं.

त्या खोट्याचं मूळ एका आकड्यात आहे. या व्हिसासाठी तुमचं मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५मध्ये तिथलं किमान वेतन ८७० युरो, म्हणजे चौपट ३४८० युरो. आपल्या रुपयांत तीन लाखांच्या बऱ्याच पुढे, दर महिन्याला. माझा पगार याच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे. आमच्या गावाच्या हिशोबाने तो डोळे विस्फारायला लावणारा आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून हे 'बिचारा मी' छापाचं रडगाणं समजू नका. मला भांडायचंय ते आकड्यामागच्या तर्काशी.

आमच्या टीममध्ये एक जण जर्मनीत बसतो. तोच रिपॉझिटरी, तेच तिकीट, तोच स्प्रिंट. त्याचा कोड मी तपासतो, माझा तो. त्याला माझ्या जवळपास तिप्पट पगार मिळतो. का, असं विचारलं की उत्तर तयार असतं : 'तू पुण्यात राहतोस, तिथे जगणं स्वस्त आहे.' ठीक, मान्य. पण मग पुण्याबाहेर राहायला परवानगी मागायला गेलो की दुसरी खिडकी म्हणते, 'तुझा पगार युरोपच्या मानाने कमी आहे.' पगार ठरवताना माझं ठिकाण काटेकोर मोजायचं आणि व्हिसा देताना ते विसरायचं! दोन्ही खिडक्यांवरचं उत्तर आपापल्या जागी बरोबर असेल, पण दोन्ही एकत्र लावली की अर्थ एकच निघतो : आहेस तिथेच राहा. 'काम कुठूनही करता येतं' हे वाक्य मग कामाबद्दलचं राहत नाही, पासपोर्टबद्दलचं होतं. जपानने २०२४मध्ये असाच व्हिसा सुरू केला. वर्षाला एक कोटी येन उत्पन्नाची अट आहेच, पण त्याआधी तुमचा देश त्यांच्या यादीत हवा. भारत त्या यादीत नाही. म्हणजे एक कोटी येन कमावणारा भारतीयही दारातच. मला जपानचं हे वागणं निदान सरळ वाटतं.

यावर कोणी म्हणेल, कुणाला घरात घ्यायचं हा ज्याच्या-त्याच्या देशाचा हक्क. आहेच. तिथल्या लोकांवर बोजा पडू नये म्हणून अट असते, असंही म्हणतात. पण ज्या देशात २०२५मध्ये ८७० युरोंत माणसाने महिना काढावा असं कायदा मानत होता, तिथे पाहुण्याला चौपट का लागावेत? कारण त्यांना कामगार नको असतो, गिऱ्हाईक हवं असतं. भाडं देणारं, कॉफी पिणारं, कुणाची नोकरी न घेणारं गिऱ्हाईक. त्याचीही किंमत तिथल्याच माणसाला मोजावी लागते. २०२३मध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर घरांसाठी मोर्चे निघाले. परदेशी पैशामुळे भाडी हाताबाहेर गेली, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. व्हिसा मिळाला असता, तर मी त्या तक्रारीतलाच एक झालो असतो. रीलमध्ये समुद्रकिनारी लॅपटॉप उघडून बसलेला माणूस दिसतो, त्याच्यामुळे घर सोडावं लागलेला दिसत नाही.

आता त्या खोट्याकडे येतो. कागद बघून एजंट म्हणाला, "सर, पगार कमी पडतोय. फ्रीलान्स दाखवू. मित्राला क्लायंट करा, दर महिन्याला त्याच्याकडून पैसे खात्यात घ्या, इनव्हॉइस मी बनवून देतो. सगळे करतात." मित्राला द्यायला पैसे कुठून आणायचे? बाबा शिक्षक होते. निवृत्तीचे पैसे एफडीत आहेत. फोनवर सहज बोललो, तर लगेच म्हणाले, "अरे, मोड की मग. पैसे फिरून आपल्याकडेच येणार ना?" आईने फोन घेतला, ती काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी मी एजंटला नाही म्हणून कळवलं. पस्तीस वर्षं फळ्यावर हिशोब शिकवणाऱ्या माणसाच्या पैशाने खोटा हिशोब मांडायचा, हे मला जमलं नाही.

आणि मग 'नोमॅड' हा शब्दच खुपू लागला. १९९७मध्ये त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी 'डिजिटल नोमॅड' नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तो स्वातंत्र्याचा शब्द झाला. मराठीत नोमॅड म्हणजे भटका. आणि आपल्याकडे भटका असणं म्हणजे काय, हे ज्याने लक्ष्मण मानेंचं 'उपरा' वाचलंय त्याला सांगायला नको. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. तो कायदा रद्द व्हायला १९५२चा ऑगस्ट उजाडला. आजही महाराष्ट्रात भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचं पाल दर आठवड्याला नव्या गावाबाहेर पडायचं, त्याच्या नातवाकडे आपण १९६१चा पत्ता मागतो! आणि कायम पत्ता, कायम नोकरी, भरलेलं खातं असलेला मी स्वतःला 'नोमॅड' म्हणवून घ्यायला निघालो होतो. भटकं म्हणवून घेण्यासाठी जगात सगळ्यात जास्त गरज पडते ती स्थिर असण्याची, आणि खरा भटका याच अटीवर नापास होतो.

हे कुणा परक्या कॉन्सुलेटचंच पाप आहे असं नाही. मी राहतो त्या सोसायटीत भाडेकरूला पोलीस व्हेरिफिकेशन, कंपनीचं पत्र, गावाकडच्या दोन माणसांचे नंबर द्यावे लागतात. बांधकामावरच्या बिहारी मजुराचं आधार कार्ड वॉचमन ठेवून घेतो, संध्याकाळी परत देतो. मीटिंगमध्ये या नियमांना मीही हात वर केला होता. सुरक्षिततेसाठी, असंच आम्ही म्हणालो होतो. बहुतेक तिकडचे अधिकारीही हेच म्हणत असतील.

म्हणून आमच्या धंद्यातल्या मंडळींना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक, 'पासपोर्ट कमजोर आहे' म्हणून हळहळण्याआधी ठिकाणानुसार पगार कापणाऱ्या धोरणाला आपल्याच कंपनीत प्रश्न विचारा. व्हिसाची खिडकी नंतर येते, पहिली खिडकी तिथेच आहे. दोन, परदेशात अन्याय वाटणारी अट आपण दारात आलेल्या माणसाला घालतो का, ते तपासा. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये आधार कार्ड ठेवून घेण्याचा मुद्दा मी मांडणार आहे. हरेन बहुधा.

फाइल कपाटात आहे. बाबांची एफडी जागेवर आहे. लिंक्डइनवर माझ्या नावाखाली 'भावी डिजिटल नोमॅड' असं इंग्रजीत लिहिलं होतं, ते तेवढं काढून टाकलंय.